पोचल्याचा फोन

माझ्या धाकट्या भावाचं हृदय दुपारी विमानानं चेन्नईला निघालं, तेव्हा आई आणि मी औरंगाबादला, गारखेड्याच्या घरी होतो. मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला होता. मेंदू गेलाय, आता तो परत येणार नाही, हे डॉक्टरांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. बाबांनी अवयवदानाच्या कागदावर सही केली. हृदय चेन्नईला जाणार म्हटल्यावर आईनं एवढंच विचारलं, "लई लांब हाय का वो ते गाव?" विमानानं दोनेक तास, असं डॉक्टर म्हणाले. काढलेलं हृदय चार तासांच्या आत दुसऱ्याच्या छातीत सुरू व्हायला हवं, असंही म्हणाले. आईच्या डोक्यात ते चार तास पक्के बसले.

बाबा दवाखान्यातच थांबले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, पोलिसांनी जालना रोड मोकळा केला, गाडी सुसाट चिकलठाण्याच्या विमानतळावर गेली, विमान उडालं. मला अभिमान वगैरे वाटला नाही. राग आला. तो जिवंत होता तेव्हा त्याच रस्त्यावर कुणी त्याला साधी बाजू दिली नव्हती.

औरंगाबादहून चेन्नईला किती वेळ लागतो, ते मी मोबाइलवर शोधलं. त्यानं मला स्वस्त तिकिटं, समुद्रकाठची हॉटेलं आणि फिरायला चांगले महिने दाखवले. मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला.

संध्याकाळी भावाला घरी आणायचं होतं. शेजारच्या मावशींनी बैठकीतला दिवाण सरकवला आणि झाडू घेतला. आई ताडकन उठली आणि तिनं तो ओढून घेतला.

"पोरगं आत्ता कुठं वाटंला लागलंय. ते पोचल्याबिगर घर झाडायचं नाय."

आमच्या घरचा हा नियमच. भाऊ पुण्याला शिकायला होता, तेव्हा त्याचा पोचल्याचा फोन येईपर्यंत केर तसाच पडून राहायचा. आईला छळायला तो मुद्दाम उशिरा फोन करायचा.

"अवो, लोक यायलेत," मावशी म्हणाल्या.

"येऊ द्या." आई झाडू मांडीवर घेऊन बसली.

मग बाबांचा पुन्हा फोन आला. आईनं माझा चेहरा वाचला. "काय म्हनले?"

"तिकडं पाऊस हाय. विमान वरच फिरायलंय."

ती घड्याळाकडे बघत राहिली. बैठक माणसांनी भरली, चपलांची माती आत आली. खरं सांगते, तिकडे टेबलावर पडलेल्या त्या अनोळखी माणसाची मला काही पडली नव्हती. माझा भाऊ वाया जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. आईचे ओठ हलत होते.

उन्हं कलल्यावर दवाखान्यातल्या, अवयवदानाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. मी ऐकलं आणि आईसमोर खाली बसले.

"पोचलं, आई. बसवलं. चालू झालं."

"नीट?"

"नीट चालायलंय."

आईनं पदर खोचला. माणसं बाजूला झाली. तिनं बैठक झाडली, कोपरे झाडले, दिवाण होता तिथली धूळ काढली. मावशी मदतीला पुढे झाल्या, तर तिनं हातानंच थांबवलं. केर भरून झाला. झाडू दाराआड ठेवून ती माझ्याकडे वळली.

"तुझ्या बाबांना फोन लाव," ती म्हणाली. "म्हनावं, आता आणा त्याला."