मुजावर मॅडम बांगड्या भरायला येतात

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मालन कासार दुकानातच भिंतीला पाठ टेकते. डोळे मिटतात न मिटतात, तोच कुणीतरी समोर हात धरतं.

"हिरव्या भरा, मालनताई."

आवाज मुजावर मॅडमचा. कॅन्सरच्या दवाखान्यात पेशंटचा आहार बघणाऱ्या. त्यांना जाऊन वर्ष झालंय, हे मालनला ठाऊक आहे. तरी ती तो हात हातात घेते. हात उबदार आहे.

पहिली बांगडी मनगटावर उतरते, आणि मालन वॉर्डातल्या खाटेवर बसलेली असते. सलाईनच्या दांडीला बांगड्यांच्या माळा लोंबताहेत. पोटात पुन्हा ती गाठ. मॅडमनी डॉक्टरांना सांगून ऑपरेशन पुढे ढकललंय. हिच्या अंगात काही उरलं नाही, आधी हिला खाऊ घालू, म्हणाल्यात.

मालन तेव्हाचंच विचारते, "मी खाल्लं तर गाठच पोसेल ना?"

"ती तुमच्या उपासाला भीक घालत नाही. झिजाल तुम्हीच. उद्या कापलेलं भरून यायला अंगात काही नको?"

मग घोटघोट दूध, कुस्करलेलं अंडं, घट्ट वरण. वाटी रिकामी होईपर्यंत मॅडम खाटेपासून हलायच्या नाहीत. ऑपरेशन झालं, जखम नीट भरली, मालन चालत घरी आली. पुढं दाखवायला गेली तेव्हा मॅडमच्या खुर्चीवर दुसरंच कुणी होतं. झोपेतच हृदय बंद पडलं, म्हणाले.

आता दोघी दर्ग्याच्या पायरीवर आहेत. मॅडमचा हात अजून मालनच्या हातात.

"तुमचे आभार मानायचे राहिले, मॅडम. तुमच्यामुळं आहे मी."

मॅडम आपल्या भरल्या हातांकडं बघतात. "छान दिसतात. आज काय खाल्लं?"

मालन मॅडमच्या मनगटावरच्या बांगड्या सारख्या करत राहते.

"वाटलंच." पर्समधून शेंगदाण्याचा लाडू निघतो. मॅडम तो मोडून तिच्या तळहातावर ठेवतात. "थोडं थोडं. चावून."

मालन खाते. गोड लागतं. रडू येतं, पण घास अडकत नाही.

"मावशी, आहात का?" दुकानाच्या दारातून कुणी हाक मारतं.

मालन जागी होते. भिंत, कपाट, उन्हाचा पट्टा. तळहातावर शेंगदाण्याचं लाल, पातळ साल चिकटलेलं आहे.

झटकायला उचललेला हात ती तसाच मिटून घेते.