पडद्यामागची चार मिनिटं

जर्मन अक्कांना काही महत्त्वाचं सांगायचं असलं की त्या आधी मिक्सर सुरू करायच्या. रिकामाच. त्याच्या घरघराटात माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "समोरची शारदा घर सोडालीय." यात गुपित ते काय, असं मला वाटायचं. पण अक्कांचं तरुणपण जिथे गेलं, तिथे फोन, दिवा आणि शेजारी यांपैकी कोण ऐकत असेल, याचा नेम नसे. तिकडे त्या नळ सोडून बोलायच्या. मल्लेश्वरममध्ये पाण्याची बोंब, म्हणून मिक्सर.

मी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरात आले आणि त्यांच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहिले. अक्का मूळच्या पूर्व जर्मनीच्या. यजमान निपाणीचे, इंजिनियर. मी येण्याआधीच वारलेले. मराठी त्या सासूकडून शिकल्या होत्या, त्यामुळे ही गोरीपान, उंच बाई अस्सल निपाणीच्या बायकांसारखं "मी आलो की ग", "मी जेवलो" असं म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना.

रस्त्यात कुठेही रांग दिसली की त्या आधी तिच्यात उभ्या राहत आणि मग पुढच्याला विचारत, "एनु सिगत्ते?", काय मिळतंय? एकदा अशाच एका दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. त्या देशाला मात्र त्या सरसकट नावं ठेवत नसत. "काम सगळ्यांना होतं. घर होतं, दवाखाना फुकट. संत्री नाताळातच मिळायची, आणि मोटारीसाठी नाव नोंदवलं की पोरं मोठी व्हायची," एवढंच सांगत.

एका मतदानाच्या दिवशी मी त्यांना शाळेतल्या केंद्रावर घेऊन गेले. यंत्रासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. अधिकारी कुरकुरला, "अज्जी, स्वल्प बेग", आजी, जरा लवकर. त्या हलल्या नाहीत. बाहेर आल्यावर चिंचेखाली बसल्या आणि, पहिल्यांदाच मिक्सरशिवाय, बोलू लागल्या.

"आमच्याकडं बी मतदान व्हायचं. पण यादी एकच, पक्षानं केलेली. कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. कोपऱ्यात पडदा होता, पण त्याच्यामागं कोण जात नव्हतं. जाईल त्याचं नाव लिहून घेत होते."

"मग तुम्ही?"

"मी गेलो."

तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, शाळेत गणित शिकवत. मैत्रिणीकडून, रेनाटेकडून, पेन्सिल मागून नेली होती. पडद्यामागे उभं राहून त्यांनी यादीतलं एकेक नाव खोडलं. पुढच्याच महिन्यात शाळेतली नोकरी गेली. हातमोज्यांच्या कारखान्यात पेट्या भरायचं काम मिळालं. तिथे यंत्रं शिकायला आलेला निपाणीचा मुलगा भेटला. लग्नाची परवानगी मिळायला तीन वर्षं गेली. इकडे आल्यावर आईची पत्रं आधीच कुणीतरी उघडलेली हाती पडत. आई वारली तेव्हा व्हिसा मिळाला नाही.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मॅनेजरचं न पटलेलं बोलायचीही माझी छाती होत नसे.

ते राज्य कोसळल्यावर लोकांना गुप्त पोलिसांनी ठेवलेल्या आपापल्या फायली बघायला मिळू लागल्या. अक्काही गेल्या. त्यांच्या फायलीत लिहिलं होतं: 'पडद्यामागे चार मिनिटं. पेन्सिल सोबत आणली होती.' खबर देणाऱ्याचं नाव खोटं होतं. पण पेन्सिलीचं एकाच माणसाला ठाऊक होतं.

"मग काय केलंत?"

"तिच्या घरी गेलो. तिला नात झाली होती. घेतलं मांडीवर."

"काही विचारलं नाहीत?"

"तिनं दार उघडलं तेव्हाच तिचं तोंड बघितलं ग मी. आणि काय विचारायचं?" मग हसून म्हणाल्या, "राग ठेवायला जागा लागते. बेंगळुरात जागा केवढी महाग!"

अक्का गेल्या वर्षी गेल्या. मूलबाळ नव्हतं, म्हणून नातलगांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. वहीत जर्मनीचे तीनच नंबर होते. दोन बंद लागले. तिसरा रेनाटेचा.

फोन नातीने घेतला. मी बातमी सांगितली. तिने ती आजीला सांगितली. मग म्हातारी काहीतरी बोलली. नातीला त्याचा अर्थ लागला नसावा; तिने इंग्रजीत शब्दाला शब्द लावून विचारलं, "आजी विचारते, त्या दिवशी ती स्वतःही पडद्याकडे निघाली होती, पण अर्ध्यातून मागे फिरली. हे तिच्या मैत्रिणीला माहीत होतं का?"

अक्का यातलं मला कधीच काही बोलल्या नव्हत्या.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."