कानानं ठेवलेला तुकडा

नागपूरकडच्या शहापूरला हायवेवरून आत वळलं की डिंपल हटवारचं शिलाईचं दुकान लागतं. डिंपल जन्मापासून बहिरी आहे. गिऱ्हाइकं तिच्याशी खुणांनी, नाहीतर मोबाइलवर लिहून बोलतात. तिची आई शकुंतलाबाई मात्र सगळा दोष तान्हेपणीच्या तापाला देत आली. दवाखान्यात न्यायला आपल्याला उशीर झाला, असं तिच्या मनानं घेतलं होतं. डिंपलला हे कधी पटलं नाही. तसाच ताप भाऊ मनिषलाही आला होता, आणि त्याला तर पलीकडच्या गल्लीतलं ऐकू येतं.

मूकबधिर शाळेतली तिची मैत्रीण मोना अलीकडे संध्याकाळी धडपडायला लागली. तपासण्या झाल्या. एकाच जीनच्या दोषानं कान जन्मतः गेलेले आणि आता नजर आधी अंधारात, मग कडेकडेनं अशी हळूहळू कमी होणार, असं निघालं. ते कळल्यापासून डिंपल दिवेलागणीला तलावाच्या पाळीवर, बांधावर, जाऊन उभी राही आणि समोरच्या धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, कुठवर दिसतात ते बघे. बारीक भरतकामाच्या ऑर्डरीही तिनं बंद केल्या. शेवटी मनिष तिला नागपूरला घेऊन गेला.

डोळ्यांचा पडदा ठणठणीत निघाला. रक्ताचा निकाल यायला काही आठवडे गेले, आणि दोष नेमका मोनाच्याच जीनमध्ये सापडला. डॉक्टर सांगत होत्या तेव्हा डिंपल भावाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो उतरला तसं तिला समजलं.

"म्हणजे हिचे डोळे बी जातीन का?" मनिषनं विचारलं.

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. कोरा कागद ओढून त्या डिंपलच्या शेजारी येऊन बसल्या आणि चित्र काढायला लागल्या. जीन सगळ्या पेशींत एकच असतो. पेशी त्याची नक्कल काढते, त्यातले काही तुकडे कापून टाकते आणि उरलेले जोडते. पण काय ठेवायचं नि काय टाकायचं, हे प्रत्येक अवयवात वेगळं. आतल्या कानात आवाजानं डोलणाऱ्या, बारीक तुऱ्यांच्या पेशी असतात. त्या एक लहानसा तुकडा राखतात, डोळ्याच्या पेशी तोच टाकून देतात. डिंपलचा दोष त्या तुकड्यात होता. डोळा तो वापरतच नाही, म्हणून डोळ्याला धोका दिसत नव्हता.

डिंपलनं पेन हातात घेतलं. आपले डोळे वाचले याचा आनंद करायचा सोडून तिनं लिहिलं, "हा तुकडा ठेवायचा, हे कानाच्या पेशीला कोण सांगतं?"

डॉक्टर हसल्या. काही प्रथिनं हे काम करतात, त्यांतली थोडी ओळखीची झाली आहेत, बाकीचं अजून आम्ही शोधतोय, असं त्यांनी लिहून दिलं.

घरी आल्यावर मनिषनं आईला समजावलं. बिघडलेल्या जीनची एक प्रत आईकडून आली, एक बाबांकडून; एकटी प्रत काही करत नाही. म्हणून दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"मंग तापानं नाही झालं," शकुंतलाबाई म्हणाली. "मी कितीबी लवकर नेलं असतं तरी?"

"तरी बी हेच झालं असतं, आई."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि डिंपलच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

भरतकाम पुन्हा सुरू झालं, पण मोनाला हे सांगायचं कसं, हे डिंपलला सुचेना. एकाच जीनचा दोष, आणि डोळे एकटीचेच वाचले. एका दुपारी ती गेलीच. लख्ख उजेडात बसून तिनं सगळं हातांनी सांगितलं. मोनाचे डोळे भरून आले. मग तिनं विचारलं, माझा दोष कुठल्या तुकड्यात? कान आणि डोळा दोघंही ठेवतात त्यात असणार, डिंपलनं सांगितलं.

"कापणं-जोडणं" तू फार लांबण लावून दाखवतेस, असं मोना म्हणाली. त्याला एक खूण पाहिजे. दोघी तासभर हात हलवत बसल्या. शेवटी दोन बोटांची कात्री आणि लगेच चिमटीला चिमटी भिडवायची, असं ठरलं. आपल्यासारख्यांसाठी त्यांनी त्या खुणेचा व्हिडिओ केला. मोनानं डिंपलला हात हळू आणि छातीसमोरच हलवायला लावले; बाजूला गेलेले हात तिला आता दिसत नाहीत.

व्हिडिओ बघून पवनीच्या एका बहिऱ्या बाईनं विचारलं, कापून टाकलेल्या तुकड्यांचं पुढं काय होतं? डिंपलला ते ठाऊक नव्हतं. तिनं डॉक्टरांना मेसेज टाकला आणि मशीनवरचं ब्लाउज पुढं सरकवलं.