आप्पांचं ‘न्हाई’

घोटावड्यातली फहमिदा मुलाणी नेमकं काय काम करते, हे तिच्या नवऱ्याला, रफीकला, लग्नाला सात वर्षं होऊनही नीट सांगता यायचं नाही. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात कुणी विचारलं की तो म्हणायचा, व्हिडिओचं काहीतरी करते. ते खोटं नव्हतं. व्हिडिओचे दोन तुकडे जोडले की जोडावर बारीक ‘टक्’ वाजतं. मागच्या तुकड्यातलं अर्धं भुंकणं, पुढच्यातला अर्धा श्वास तसाच लोंबत राहतो. फहमिदा ते साफ करायची. आवाज एका टोकाला हळूच मिटवायचा, दुसऱ्या टोकाला हळूच उघडायचा. काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे तिचं आजवर कुणी कौतुक केलं नव्हतं. तिची तक्रारही नव्हती.

तालुक्याच्या बातम्या मोबाइलवर दाखवणाऱ्या कौस्तुभने तिला एकदा शेजारच्या नांदे गावच्या जयसिंगआप्पांची मुलाखत पाठवली. आप्पांच्या रानातून वस्तीवरच्या पोरांची शाळेला जायची वाट होती. आजूबाजूला इमारती उठत होत्या, तेव्हा आप्पाही जमीन विकून वाट बुजवणार, अशी कुजबुज होती. आप्पा बांधावर उभे राहून सावकाश बोलले आणि शेवटी म्हणाले, “मी वाट बंद करनार न्हाई.” नेमका तेव्हाच त्यांच्या पाठीमागे सिमेंटचा टेम्पो पों-पों करत रिव्हर्स येत होता.

ते पों-पों कानाला टोचू नये म्हणून फहमिदाने आवाज पाऊण सेकंद आधी मिटवला.

व्हिडिओ रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या अंगणात पन्नासेक माणसं जाब विचारायला जमली. कौस्तुभचा फोन आला तेव्हा फहमिदा भाकरी थापत होती. हात धुऊन तिने मूळ तुकडा ऐकला, मग आपला. “मी वाट बंद करनार.” पुढे शांतता. इतकी स्वच्छ शांतता तिला क्वचितच साधली होती. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. त्याचा आपल्या धंद्याशी संबंध आहे, हे आज कळलं.

लॅपटॉप घेऊन ती रफीकच्या गाडीवरून नांद्याला गेली आणि सगळ्यांपुढे मूळ तुकडा लावला. वस्तीवरचे वडीलधारे भिवाजी कान लावून ऐकत होते. हा तर नुसता टेम्पो ऐकू येतोय, असं त्यांनी सांगितलं. मग तिने तिथेच ओट्यावर बसून टेम्पोचा आवाज दाबला आणि पुन्हा लावलं. ‘न्हाई’ लख्ख ऐकू आलं.

“हे तू आत्ता चिकटवलंस,” भिवाजी म्हणाले. “आमी बघतच हुतो की.”

असं चिकटवता येतं, हे तिथल्या कुणाहीपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. ती आप्पांकडे वळली.

“आप्पा, चूक माझी हाय. आवाज बरा लागावा म्हणून तुमचा शब्द कापला मी.”

आप्पांनी तंबाखू मळली. राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. तिने पुन्हा एकदा कॅमेऱ्यापुढे बोलायची विनंती केली, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. “एकदा बोललोय. आता पुन्यांदा बोललो तर लोक म्हनतील, पन्नास मानसं बघून फिरला.”

माणसं पांगली, पण पटून नव्हे, उन्हामुळे.

चौथ्या दिवशी आप्पांनी दोन ट्रॉल्या मुरूम आणून वाटेवर ओतला आणि स्वतः फावडं घेऊन पसरायला लागले. फहमिदाने ते स्वतः जाऊन शूट केलं. भिवाजी आले, नव्या मुरमावरून एकदा गेले, एकदा आले, आणि त्यांनी दुसरं फावडं उचललं.

आप्पांचे दोन शब्द का घेतले नाहीत, असं कौस्तुभने विचारलं. तिने सांगितलं की गरज नाही. फावडी थांबल्यावरही तिने तुकडा चार सेकंद तसाच चालू ठेवलाय. त्यात आप्पा भिवाजींकडे पाण्याची बाटली मागतात, एवढंच ऐकू येतं.