तांब्यातली करडी माती

घरी पाहुणे आले आणि "एखादी जबरदस्त केस सांगा" म्हणाले, की मला आधी आठवतो तो मातीने भरलेला तांब्या. खून, दरोडे, टोळ्या सगळं पाहिलं नोकरीत. पण त्यातलं बरंच विसरलो, आणि तो तांब्या काही डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा कल्याणच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदार हसू दाबत केबिनमध्ये आले. "साहेब, एक आजोबा आलेत. माती चोरीला गेली म्हणतात."

आमच्याकडे खाडीतून रेती चोरणारे रोजचेच. मला वाटलं, त्यातलंच काही असेल. म्हटलं, पाठवा आत.

आत आले ते पंचाहत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. जमिनींची पाहणी करणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. इमारतीत सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सरच म्हणतो. त्यांनी सांगितलं, की तांब्याच्या धातूचा एक छोटा तांब्या, तोंडाला पांढरं फडकं बांधलेला, कपाटावरून गेला आहे. आत माती होती.

"कसली माती?" मी कागद पुढे ओढला. मुद्देमालाचं वर्णन घ्यावं लागतंच.

त्यांनी जे वर्णन दिलं, तसं मी पुन्हा कधी लिहून घेतलं नाही. तरुणपणी ते आणि त्यांची बायको, दोघं एकाच खात्यात होते. हिमालयात देवदारांच्या जंगलात त्यांनी छातीइतका खड्डा खणला होता. "थंडीत तिथली पानं कुजता कुजत नाहीत, साहेब. वर सुयांसारख्या पानांचा काळा थर साचतो. खाली जमीन वाळूची. कितीही पाऊस पडो, बर्फ वितळो, पाणी थांबत नाही, सरळ खाली उतरतं. उतरताना वरचं लोह धुऊन नेतं. म्हणून मधला थर राहतो तो फिका, करडा, हुबेहूब चुलीतल्या राखेसारखा. आणि धुतलेलं सगळं त्याच्याखाली जाऊन साठतं, तो थर गंजासारखा तांबूस. गांडुळंही फारशी नसतात, त्यामुळे थर एकमेकांत मिसळत नाहीत. सुरीने कापावे तसे वेगळे."

"कसदार असते का?" मी गावचा माणूस, तोंडातून निघून गेलं.

"आंबट माती ती. तुमचं भात नाही यायचं. देवदार मात्र शंभर फूट जातो." सर पहिल्यांदा हसले. तो करडा थर खड्ड्यात बसून बायकोने स्वतःच्या हाताने खरवडून काढला होता. तिन्ही थर तीन बरण्यांत घालून त्यांनी आयुष्यभर कपाटात कुलपाआड जपले. बायको वर्षापूर्वी पुण्याला मुलाकडे वारली. त्यानंतर मधली बरणी सरांच्या हातून फुटली, म्हणून माती तांब्यात भरून ठेवली होती.

"कोणावर संशय?"

"कोणावरही नाही." हे त्यांनी जरा घाईने सांगितलं. माझ्या लक्षात आलं, पण मी सोडून दिलं.

आमचा शिपाई त्यांच्या सोसायटीत चौकशी करून आला. दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी मोबाईलवर गेटच्या कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन हजर झाले. सरांकडे चौदा वर्षं काम करणारी मावशी कापडी पिशवी छातीशी धरून बाहेर जाताना दिसत होती. आत काहीतरी गोल होतं. "चांदीचं भांडं असणार साहेब," सेक्रेटरी म्हणाले. "माती कोण चोरेल? सरांना आता आठवत नाही नीट. आम्ही वॉचमनला सांगून टाकलंय, हिला आत सोडायचं नाही."

मावशी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, नवरा नसलेली. त्या एका इमारतीत तिची सहा घरं होती. एकदा चोर म्हणून नाव झालं, की सहाच्या सहा गेली आणि शेजारच्या इमारतीतलीही कोणी देणार नाही. कामवाल्या बाईकडे विश्वासाखेरीज दुसरं भांडवल नसतं, हे मी आईकडे पाहून शिकलेलो. तीही हेच काम करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपायाने मावशीला ठाण्यात आणलं. दोन तास विचारपूस केली. माझा अनुभव असा, की चोर खूप बोलतो. देवाच्या शपथा घेतो, तब्येत सांगतो, दुसऱ्या कोणाचं नाव घेतो. ही बाई बाकावर पदर आवळून बसली आणि दोनच वाक्यं बोलली. "मी चोरी नाय केली." आणि थोड्या वेळाने, "सरांनी सकालचं काय खाल्लं काय?"

"पिशवीत काय होतं?"

तिने मांडीवरची तीच कापडी पिशवी घट्ट धरली.

"मावशी, नाही बोललात तर मला गुन्हा दाखल करावा लागेल. अटकही होईल."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड उघडलं नाही. मला राग येत होता आणि तिची कीवही येत होती. इतकं हट्टी गप्प बसणं मी सराईतांचंही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात महिला शिपायाने तिची पिशवी टेबलावर उलटी केली. शिवणीतून चिमूटभर करडे कण पडले. मी सरांना बोलावून घेतलं आणि मालाची ओळख पटवायला कण त्यांच्यापुढे ठेवले. सरांनी ते बोटांत चोळले. मग माती ओळखणाऱ्यांची जुनी सवय, दाताखाली कण किती कचकचतो ते पाहायला चिमूट जिभेकडे नेली.

मावशी बाकावरून उठून धावलीच. तिने त्यांचा हात धरला. "सर! वहिनींना तोंडात नका घालू!"

सरांच्या बोटांतली चिमूट टेबलावर पडली.

मग सगळं बाहेर आलं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पुण्याला वारल्या, विधी तिकडेच झाले, मावशीला कोणी काही सांगितलं नव्हतं. पुढे चार दिवसांच्या सुट्टीवरून ती कामावर आली तर कपाटावर वहिनींच्या फोटोशेजारी तांब्या, तोंडाला पांढरं फडकं, आत राख. तिने काय समजायचं?

"अस्थी घरान ठेवत नाय, साहेब," ती खाली बघून म्हणाली. "झाडाला टांगायच्या असतात, मग पाण्यान सोडायच्या. सरांना सोडवत नव्हत्या. रोज त्याच्याशी बोलायचे. वर्ष झालं. वहिनींना गती कशी मिलायची?"

"मग तांब्या खाडीत सोडलास?" सरांनी विचारलं.

"मी कशी सोडणार? तो हक्क घरच्यांचा. आमच्या वाड्यामागच्या पिंपलाला टांगलाय. म्हटलं, सरांचं मन तयार झालं का सांगेन."

"इथे विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"लोकं काय बोलली असती सरांना? बायकोच्या अस्थी घरान घेऊन बसला म्हणून?"

सरांनी तिला समजावलं, की अस्थी मुलाने तेव्हाच विसर्जित केल्या, ही माती आहे. तिचा विश्वास बसेना. आपली समजूत काढतात असं तिला वाटलं. तेव्हा सरांनी हवालदारांकडून समोरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याची थोडी राख आणि खानावळीतून हळद मागवली. हळद कालवून कागदाला फासली. "हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं?"

"लाल होतो."

"राखेनेही होतो. बघ." ओली राख लागली तिथे कागद लालभडक झाला. पिशवीतले ओले कण ठेवले तिथे पिवळाच राहिला. मावशीने दोनदा वाकून पाहिलं, आणि मग पदर तोंडाला लावून रडली. दोन तासांत ती पहिल्यांदाच मोठ्याने रडत होती.

आम्ही पंच घेऊन खाडीकाठी गेलो. तांब्या फांदीला सुतळीने नीट बांधलेला, फडक्यावर सोनचाफ्याचं फूल. आतली माती जशीच्या तशी होती. परतताना जीपमध्ये मी सरांना हळूच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, हिनेच नेलं?"

"घरात तिसरं येतंच कोण?" ते म्हणाले. "पण तिला विचारलं असतं, तर मी तिला चोर म्हटल्यासारखं झालं असतं. वाटलं, तुम्ही गुपचूप शोधून द्याल."

मला हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना.

ठाण्यात सरांचा पुरवणी जबाब घ्यायला बसलो. हवालदारांनी लिहिलं, 'सदर महिला माझ्याकडील मोलकरीण असून'. सरांनी कागदावर हात ठेवला. "मोलकरीण नको. माझ्या घरातली आहे, असं लिहा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. असं नातं जबाबात बसतं का, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, लिहा.

एवढ्यावर माझं काम संपत होतं. चोरी नाही, तक्रार निकाली, डायरीत नोंद. पण आमच्या डायरीत संशयिताचं नाव चढवायला जागा असते, त्याचं गेलेलं नाव परत द्यायला नसते. म्हणून संध्याकाळी वर्दीतच दोघांना घेऊन सोसायटीच्या गेटवर गेलो. सेक्रेटरींना आणि जमलेल्या सगळ्यांना तो जबाब मोठ्याने वाचून दाखवला. 'माझ्या घरातली' या शब्दांपाशी मी जरा थांबलो, मुद्दाम. सेक्रेटरी म्हणाले, "आम्हाला काय माहीत साहेब." ते खरंही होतं. माहीत कोणालाच नव्हतं.

सरांनी तांब्या मावशीच्या हातात दिला. "तूच ने वर. जिथून काढलास तिथे ठेव," म्हणाले. ती पुढे, सर मागे, अशी दोघं आत गेली.

गप्प बसलेला माणूस स्वतःला वाचवतोय, असं आम्हा पोलिसांना शिकवलेलं असतं. ती बाई अटकेच्या दारात बसून दुसऱ्याचं दुःख झाकत होती, आणि तो म्हातारा तिचं नाव झाकत होता. चौदा वर्षं एका घरात वावरलेली दोन माणसं, एकमेकांना दुखवायला नको म्हणून गप्प राहिली आणि त्यापायी एकीची सहा घरं जाता जाता राहिली. त्यानंतर चौकशीला बसलेल्या प्रत्येकाला, काय केलंस हे विचारण्याआधी, मी एक प्रश्न विचारत आलो. कोणासाठी गप्प आहेस?