हैदराबाद जवळ होतं

परभणी स्टेशनवर दिल्लीकडे जाणारी गाडी ऊन चढायला लागलं की येते. त्या दिवशी बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून तसेच आले होते, खाकी कपड्यांत, नखांत ऑइल. त्यांच्याबरोबर काम करणारे दोघेजण 'जय भीम, मॅडम' म्हणत माझी बॅग डब्यात चढवून गेले. मी तेव्हा कुणाचीच मॅडम नव्हते, पण दिल्लीला शिकायला निघालेली मुलगी त्यांच्या लेखी मॅडम झालेलीच होती. गाडी हलली तसे बाबा खिडकीबरोबर चालू लागले. भोपाळला गर्दी होते, बॅगेला साखळी लाव, पाणी बाटलीतलंच पी. आई उभी होती तिथेच राहिली, आणि माझा डबा फलाटाबाहेर पडायच्या आधीच पाठ फिरवून जिन्याकडे निघाली. मनमाड येईपर्यंत मी त्याच रागात होते.

रागाला आणखी एक कारण होतं. मला खरं म्हणजे उलट्या दिशेच्या गाडीत बसायचं होतं.

भाषाविज्ञानाच्या एम.ए.साठी मला दोन सरकारी विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता, एक दिल्लीचं, एक हैदराबादचं. दोन्ही नावाजलेली, दोन्हीकडे वसतिगृह, दोन्ही महाराष्ट्राबाहेर. आमच्या घरातलं तोवर कुणी जिल्ह्याबाहेर शिक्षण पुरं करून आलेलं नव्हतं. शाळेपासून माझ्या बाकावर बसणारी नसरीन इंग्रजीच्या एम.ए.ला हैदराबादलाच चालली होती. बाबांनाही तेच पसंत होतं. संध्याकाळी बसलं की सकाळी पोचतं, भाषा कळते, ज्वारीची भाकरी मिळते, असं ते येईल त्याला सांगत. कॉलेजातले सर म्हणत, दिल्लीच. शेजारच्या काकू म्हणत, दोन्ही कशाला, नांदेड काय वाईट आहे? मी सकाळी दिल्लीची असे आणि दिवेलागणीपर्यंत हैदराबादची होई. शेवटी हैदराबाद ठरलं, आणि बऱ्याच दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी आई अंगणवाडीतून आली, हातपाय धुऊन मटकी निवडायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "तू दिल्लीला जा."

मला वाटलं, ती सरांच्या बोलण्यात आली. मी तिला अंतर सांगितलं, तिथली थंडी सांगितली, तिलाच वाटणाऱ्या भीती तिला सांगून पाहिल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"हैदराबादला गेलीस तर मी तुला बोलवीन," ती म्हणाली. "कुणाचं लग्न निघालं, मला ताप आला, तुझ्या बापाशी भांडण झालं, की फोन करीन. माझ्यानं राहवायचं नाही. आणि तू येशील."

आईचं डी.एड. अर्धवट राहिलं एवढं मला माहीत होतं. कसं राहिलं ते त्या दिवशी कळलं. ती हिंगोलीला शिकत होती, गाव तिथून जवळच. आजीचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा मामा तिला घ्यायला आला, थोड्या दिवसांसाठी म्हणून. मग मामाचं लग्न निघालं, मग मामीचं बाळंतपण. तू शिकू नकोस असं तिला कधीच कुणी म्हटलं नाही. फक्त दर वेळी कुणीतरी घ्यायला आलं. "लांब असते तर त्यांनी एकदा तरी विचार केला असता," असं म्हणून तिनं मटकीतला खडा बाजूला टाकला.

मी दिल्लीला गेले ती अशी. स्वतः निवडलं असं म्हणवत नाही आणि लादलं असंही म्हणवत नाही.

वसतिगृहात खोली मिळेपर्यंत विद्यापीठाजवळच्या मुनिरका वस्तीत भाड्यानं राहिले. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतल्या मणिपुरी मुलीला हात लांबवून चहाचा कप देता आला असता. भर दुपारीही ट्यूब लावावी लागे. खालच्या मजल्यावर लातूर-बीडकडची यूपीएससी करणारी मुलं होती. त्यांनी ठेचा कुटला की वास जिन्यानं वर यायचा आणि माझं वाचनातलं लक्ष उडायचं. बोलण्यात 'अच्छा' आणि 'यार' कधी शिरले ते कळलंच नाही. आई फोनवर म्हणायची, "अच्छा काय, बरं म्हण."

पण मनानं मी हैदराबादलाच राहत होते. नसरीन रोज फोन करायची. तिच्या कॅम्पसमधले मोठाले खडक, तळं, मोर, रविवारची बिर्याणी, खडूस वॉर्डन, सगळं मला पाठ झालं होतं. दिल्लीवर धुरकं उतरलं की मी मोबाइलवर तिकडचं हवामान बघायची. इथल्या मॅडमनी निबंध लाल करून परत दिला की वाटायचं, तिकडे असते तर. पहिलं वर्ष संपताना तिथे नव्यानं प्रवेश मिळेल का याची मी गुपचूप चौकशीही केली. सामान कधी पूर्ण उघडलंच नाही. तुमच्यापैकी जे असे दोन दारांसमोर उभे राहून एकातून आत गेलात त्यांना ठाऊक असेल, न निवडलेल्या जागेतलं पाणी कधी जात नाही आणि तिथलं जेवण कधी बेचव होत नाही.

नसरीन मात्र घरी जात राहिली. ईदला, भावाच्या लग्नाला, अम्मीची शुगर वाढली म्हणून. त्यात तिचं एक सेमिस्टर बुडालं. आई म्हणाली होती तेच तिच्या बाबतीत होत होतं, आणि तरी मला तिचा हेवा वाटत होता.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉल केला की बाबा फोन सारखा डाव्या हातात धरू लागले. विचारलं तर म्हणाले, या बाजूला रेंज चांगली येते. मी हसून सोडून दिलं. मग एकदा फोन कलंडला आणि मला त्यांचा उजवा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत टाक्यांचा व्रण, हात वाळल्यासारखा बारीक. ते स्कूटरवरून पडले होते. नांदेडला ऑपरेशन झालं होतं, हातात सळी बसवली होती आणि हे सगळं होऊन दोनेक महिने उलटले होते. नसरीन त्या वेळी परभणीतच होती. सकाळी ती नांदेडला दवाखान्यात डबा घेऊन जायची आणि संध्याकाळी मला फोन करून हैदराबादच्या मोरांच्या गोष्टी सांगायची. आईनं तिला शपथ घातली होती.

मिळेल त्या गाडीनं घरी गेले. आधी बाबांचा हात हातात घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत नव्हतं. ज्या हातानं ते नुसता इंजिनाचा कंप पाहून बिघाड सांगत, त्याला आता चहाचा कप पेलत नव्हता. डेपोत त्यांना स्टोअरमध्ये बसवलं होतं. मी आईला नाही नाही ते बोलले. मी परकी आहे का, उद्या कुणी गेल्यावरच कळवणार का, असंसुद्धा. आता दिल्लीला जाणारच नाही, असं सांगून टाकलं.

आईनं भाकरी तव्यावरून उतरवली आणि गॅस बंद केला.

"तुझी परीक्षा होती," ती म्हणाली. "रोज फोन हातात घेत होते. नंबर लावत होते आणि कट करत होते. मला सोपं गेलं असं वाटतं का तुला?"

बाबा मध्ये पडले नाहीत. "माय, जेवून घे," एवढंच मला म्हणाले.

काही दिवसांनी मी परत गेले. या खेपेला मला कुणी जा म्हटलं नव्हतं. वसतिगृहात पोचल्यावर उरलेलं सामान बाहेर काढून कपाटात लावलं. नसरीनशी पूर्वीसारखं बोलायला मात्र बराच काळ गेला.

पुढे एम.ए. झालं, मग अनुवादकाची सरकारी नोकरी लागली. आता गाझियाबादला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि मेट्रोनं ऑफिस गाठते. नसरीन परभणीला परतली, तिथल्या कॉलेजात शिकवते. माझ्या आईबाबांना डॉक्टरकडे तीच नेते. आईचं बीपी मला तिच्याकडून कळतं, आता ती काही लपवत नाही. आपल्यापैकी कुणाचं बरोबर ठरलं, असं मी तिला एकदा विचारलं.

"पागल," ती म्हणाली, "मी इथे आहे म्हणून तू तिथे आहेस."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

बाबा निवृत्त झाल्यावर, गेल्या हिवाळ्यात, दोघं पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आले. बाबांना लाल किल्ल्याआधी पानिपत बघायचं होतं. कॅब करून काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाशी गेलो. धुकं होतं. साताऱ्याकडून आलेली एक बसभर माणसं घोषणा देत, फोटो काढत होती. ती निघून गेल्यावर बागेत एकदम शांत झालं. बाबा बाकावर बसले.

"एवढ्या लांब आलेली माणसं," ते म्हणाले. "घरी कळायला किती दिवस लागले असतील."

आई माझ्या शेजारी येऊन बसली. मग आईनं मला विचारलं, "तेव्हा कळवलं नाही, त्याचा राग आहे का अजून?"

"आहे," मी म्हणाले.

"असू दे. मला पण आहे, तू गेलीस त्याचा. मीच धाडलं तरी आहे." आणि तिनं आपल्या शालीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर ओढलं.

ऑफिसात विचारतात, घर कहाँ पड़ता है आपका? मी परभणी म्हणते. परभणीला गेले की गल्लीतले लोक विचारतात, कधी आलीस, कधी जाणार? दोन्ही प्रश्न एका दमात. राहणाऱ्या माणसाला कुणी असं विचारत नाही, हे मला कळतं. तरी दर सुट्टीत जाते, तिथे तिसऱ्या दिवशी ऑफिसचे मेल बघायला लागते, आणि इथे आल्यावर आठवडाभर कशातच लक्ष लागत नाही.

जायच्या आदल्या दिवशी आईनं माझं स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. मीठ गॅसच्या डावीकडे, डाळी खाली, चहा-साखर वर, तिच्या घरी आहे तसं. त्यांना गाडीत बसवून आल्यावर सगळे डबे पूर्वीच्या जागी ठेवायला घेतले आणि मध्येच थांबले. तेव्हापासून रोज भाजीत मीठ घालताना माझा हात आधी उजवीकडे जातो. तिथे काही नसतं. मग तो डावीकडे जातो.