हात दखाडा, साहेब

"हात दखाडा, साहेब."

धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात सर्जन कितीही मोठा असो, ऑपरेशनच्या खोलीत शिरताना त्याला हे ऐकावेच लागे. दारात अक्का उभी. साहेबांचे हात वर धरलेले, कोपरांवरून पाणी ठिबकतेय. नखाशी जरा काळे दिसले की साहेबांची स्वारी परत नळावर. मी तिथला कंपाउंडर. माझी तर ती रोज बिनपाण्याने करायची.

अक्का पारोळ्याची, बालविधवा. नर्सचे काम शिकली आणि त्या खोलीचीच होऊन गेली. दुसरे घर तिला नव्हते. सर्जनच्या हातात हत्यारे आणि टाक्यांचा दोरा तीच द्यायची. त्याआधी ताठ केसांच्या ब्रशने दहा मिनिटे हात घासायचे, मग कार्बोलिकच्या जंतुनाशक पाण्यात बुडवायचे. "कातडी निघाली तरी चालेल, घाण निघाली पाहिजे," म्हणायची. तुम्हीही असे एखादे माणूस पाहिले असेल. आम्ही तिला मागून 'घासणी' म्हणत असू.

महायुद्धामुळे रबराचे हातमोजे मिळेनासे झाले आणि रोग्यांचे टाके पिकू लागले. नवे डॉक्टर म्हणाले, ब्रश कशाला, साबण लावून वर स्पिरिट चोळले की पुरे. अक्का तडकलीच. "तीर्थ शिंपडल्यासारखं?"

शेवटी मोठ्या साहेबांनी ठरवले, एक दिवस ब्रश, एक दिवस स्पिरिट. कोणाचे टाके पिकतात ते वहीत लिहायचे. वही माझ्याकडे आली. अक्काने मात्र स्पिरिटच्या दिवशीही आपला ब्रश सोडला नाही. हट्टी बाई!

दोन्हीकडचे टाके सारखेच पिकत राहिले. मग अक्का भाचीच्या लग्नाला आठ दिवस पारोळ्याला गेली. त्या आठ दिवसांतल्या जखमा, ब्रशच्या काय नि स्पिरिटच्या काय, सगळ्या कोरड्या भरल्या. मला कळायचे ते कळले. पण सांगू कोणत्या तोंडाने? मी वही कपाटात ठेवून दिली.

आल्या आल्या तिने वहीच मागितली. "भाऊ, मी नव्हते तेव्हाचं पान काढा."

पान तिने दोनदा वाचले. मग खिडकीशी जाऊन स्वतःचे हात उजेडात धरले. इतकी वर्षे घासून घासून बोटांना भेगा पडल्या होत्या, काही तर ओल्या होत्या. त्या भेगांतली घाण कुठला ब्रश काढणार?

"बठ्ठं मन्हाच हातमा शे," ती हळूच म्हणाली. सगळे तिच्याच हातांत होते.

मोठ्या साहेबांना तिने स्वतःच जाऊन सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ती वॉर्डात चादरी बदलू लागली. त्या दाराकडे पुन्हा फिरकली नाही. मला फार वाईट वाटले.

नोकरी संपल्यावर ती धुळ्यातच, देवपुरात राहायची. एकदा भेटायला गेलो, तर चहा ठेवायच्या आधी तिने दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"देखा, भाऊ."

रोज खोबरेल चोळून हात मऊ झाले होते. भेग औषधालाही नव्हती.

"आता चालतील ना?"

दवाखान्यात हातमोजे पुन्हा मिळू लागले होते. आता कोणाचे हात कोणी पाहत नव्हते. ते मी सांगितले नाही.

"चालतील, अक्का," मी म्हणालो.